उरलेली स्प्रिंग

आपल्याकडे गॅरेजमधला माणूस इंजिन ‘दुरुस्त केले’ असे सहसा म्हणत नाही. तो इंजिन आधी उतरवतो, मग खोलतो आणि सगळे झाले की ‘बांधतो’. ‘इंजिन नुकतंच बांधलंय, जरा दमानं घ्या,’ हे वाक्य मी लहानपणी मावशीच्या घरी असंख्य वेळा ऐकले आहे. मावशीचे यजमान, आमचे काका, दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत फिटर होते. घर, पुस्तक, पागोटे, शिदोरी आणि अंदाज अशा नाना गोष्टी आपण एकाच क्रियापदाने बांधतो. वर्गात अर्थच्छटा शिकवताना मी हे उदाहरण वर्षानुवर्षे देत आले. त्यातल्या इंजिनाच्या बांधण्याचा अर्थ मात्र मला पंचेचाळिसाव्या वर्षी, टेक्सासमधल्या एका पत्र्याच्या हँगरमध्ये कळला.

काकांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा दादा, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. पुण्यात शिकून १९८५ साली तो अमेरिकेला गेला, तिथलाच झाला, आणि पन्नाशीत त्याने विमान बांधायला घेतले. हे ऐकून माझ्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते वाचकांच्याही चेहऱ्यावर उमटले असतील. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनामुळे आपल्याला ठाऊक झाले, त्यामुळे कल्पना अगदीच अपरिचित नाही. अमेरिकेत मात्र हा एक रुळलेला छंद आहे. तिथल्या कायद्यानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग (बोलीभाषेत ‘एक्कावन्न टक्के’) हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः बनवला असेल, तर त्या विमानाला ‘प्रायोगिक’ या वर्गात उडण्याची परवानगी मिळते. शिवाय ते प्रामुख्याने ज्याने बांधले, त्याला त्याची वार्षिक तपासणी स्वतः करून सही करण्याचे प्रमाणपत्रही मिळू शकते. ते प्रमाणपत्र फक्त त्या एका विमानापुरते असते. शेजारच्या हँगरमधल्या तसल्याच विमानावर त्या सहीला काडीची किंमत नाही.

दादाने दोन आसनांच्या विमानाचा तयार संच आणून नऊ वर्षांत ते उभे केले. अशा विमानांत बहुतेक लोक विमानासाठीच बनवलेले पिस्टनचे इंजिन बसवतात. दादाने माझदाच्या जुन्या मोटारीतले रोटरी इंजिन बसवले. का, असे विचारले तर तो म्हणे, “बाबांनी आयुष्यभर व्हॉल्व्ह घासले. मला बिनव्हॉल्व्हचं इंजिन पाहिजे होतं.”

‘रोटरी’ या शब्दाचा एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे. विमानांच्या इतिहासात या नावाची दोन इंजिने आहेत आणि त्यांचे एकमेकांशी नाते नाही. पहिले फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचे ‘नोम’. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने त्या जातीच्या इंजिनांवर उडाली. त्यात मधला दांडा विमानाला पक्का असे आणि सिलिंडरांसह अख्खे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे. वंगणाला एरंडेल वापरत, आणि ते जळून-उडून वैमानिकाच्या तोंडावर येई. दुसरे इंजिन जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आलेले. एन.एस.यू. या कंपनीत ते १९५७ साली प्रथम चालले. दादाचे इंजिन या दुसऱ्या घराण्यातले.

त्याची रचना मला समजावी म्हणून दादाने भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग हातात दिली. तिच्यासारखी, मध्ये किंचित चेपलेली पोकळी डोळ्यांपुढे आणायची. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला कायम टेकलेली असतात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा-लहान होत राहतो. हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्यातच उरकतात. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. म्हणजे शाफ्ट मिनिटाला सहा हजार फिरत असला, तरी त्रिकोण दोन हजारच्याच संथ गतीने फिरत असतो. दादाच्या ‘१३बी’ इंजिनात असे दोन त्रिकोण, म्हणजे दोन रोटर. दोन रोटर आणि एक शाफ्ट, हलणारे मोठे भाग एवढेच. काकांनी ज्यांच्यासाठी कंबर मोडली ते व्हॉल्व्ह, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, काही म्हणजे काही नाही.

विमानात हे इंजिन बसवणाऱ्यांना त्याचा एक गुण विशेष भावतो. ते एकदम मरत नाही. पिस्टनच्या इंजिनात एखादा रॉड तुटला तर तो इंजिनाचे पोट फाडून बाहेर येऊ शकतो. रोटरीत एखादे सील तुटले तर ताकद कमी होते, इंजिन लंगडते, पण बहुधा जमिनीपर्यंत नेऊन सोडते. मात्र या इमानाची किंमत मोजावी लागते. पंख्याला एवढी गती सोसत नाही, म्हणून मध्ये गती कमी करणारा गिअर हवा. पेट्रोल जास्त लागते. धूर इतका तापलेला निघतो की सायलेन्सर जळून जातात. आणि रोटर आतून तेलाने थंड होत असल्यामुळे नुसत्या पाण्याच्या रेडिएटरवर भागत नाही, तेल थंड करायलाही तितकीच चोख व्यवस्था लागते. अशा विमानवाल्यांचे निम्मे आयुष्य वारा कुठून आत घ्यावा आणि कुठून बाहेर सोडावा, या चिंतेत जाते असे मला दिसले.

२०२३च्या मार्चमध्ये दादाच्या विमानातला पाण्याचा एक नळ चढ घेत असताना निसटला. क्लॅम्प त्याने स्वतःच आवळला होता आणि तो नीट बसला नव्हता. तापमानाचा काटा चढताना दिसताच त्याने इंजिनाची ताकद कमी केली आणि विमान वळवले. इंजिन कोरडे, तापलेले, तरीही चालत राहिले आणि त्याला धावपट्टीवर उतरवूनच थांबले. पण त्या काही मिनिटांत आतल्या पाण्याच्या रबरी सील्सचे कोळपून वाटोळे झाले. पुढे सुरू करताना पांढरी वाफ येऊ लागली आणि टाकीतले पाणी आपोआप कमी होऊ लागले. इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांसाठी तिकडे जाणारच होते. वहिनी फोनवर म्हणाल्या, “तुम्ही आलात की मला जरा सुट्टी. चार वर्षं मी टॉर्च धरलाय.”

अशा रीतीने टॉर्च माझ्याकडे आला.

इंजिन खोलताना पहिला अडथळा मागच्या नटाचा. तो चोपन्न मिलिमीटरचा, आमच्या घरच्या चहाच्या बशीएवढा वाटला. पान्याला माणसाच्या उंचीचा पाइप लावून आम्ही दोघे त्यावर लोंबकळलो तेव्हा तो एकदाचा ‘कट्’ म्हणाला. त्यानंतर मात्र सगळे थरावर थर ठेवलेल्या डब्यासारखे सुटत गेले. खरोखर ते इंजिन म्हणजे एक टिफिनच आहे. बिडाचे झाकण, ॲल्युमिनियमचा कप्पा, बिडाची चकती, पुन्हा कप्पा, पुन्हा झाकण, आणि सगळ्यांना आरपार बांधणारे दीडएक डझन लांबलचक बोल्ट.

आतली खरी दुनिया सील्सची. रोटरच्या प्रत्येक टोकाला खाचेत बसणारी, दोन मिलिमीटर जाड आणि सुमारे आठ सेंटिमीटर लांब अशी एक पट्टी. तिला ‘एपेक्स सील’ म्हणतात. रोटरच्या कुशींवर धनुष्यासारखी बारीक सील्स. आणि ही दोन्ही जिथे भेटतात तिथे प्रत्येक कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढे एक गोल सील. प्रत्येकाखाली त्याला भिंतीशी धरून ठेवणारी स्प्रिंग. कोपऱ्यांच्याच स्प्रिंगा बारा. इंजिनाची सगळी ताकद या चिमुकल्या पट्ट्यांच्या इमानावर उभी असते. १९६०च्या दशकात माझदाच्या अभियंत्यांना याच पट्ट्यांनी रडवले. पट्टी थरथरत फिरे आणि कप्प्याच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडत. त्या ओरखड्यांना ते ‘सैतानाची नखे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जण यावर लढले, म्हणून जपानी दंतकथेतल्या सत्तेचाळीस रोनिन सामुरायांचे नाव त्यांना चिकटले. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी अखेर तो प्रश्न सोडवला आणि १९६७ साली त्यांची ‘कॉस्मो’ मोटार बाजारात आली. त्याच वर्षी एन.एस.यू.ने काढलेल्या ‘आरओ ८०’ मोटारीची मात्र या सील्सपायी पुरती नाचक्की झाली. कल्पना ज्यांच्या घरी जन्मली ते थकले आणि ज्यांनी ती दत्तक घेतली त्यांनी ती वाढवली. वाङ्मयाच्या इतिहासात हे आपण अनेकदा पाहतो.

धुणे, खरवडणे, मापणे यात तीन आठवडे गेले. मापण्यात दादा कमालीचा चिकट. प्रत्येक पट्टीची उंची, प्रत्येक खाचेची फट, कप्प्याच्या भिंतीचा क्रोमचा थर. एक आकडा तो तीनदा घेई आणि मला वहीत लिहायला सांगे. मी एकदा ‘साधारण’ असे लिहिले तर त्याने ते खोडायला लावले.

मग बांधणी सुरू झाली. नवी सील्स, नव्या स्प्रिंगा, नवे रबर. बारीकसारीक सील्स जागेवर धरून ठेवायला कारखान्याच्या पुस्तकातच व्हॅसलिन सांगितले आहे, हे वाचून मला गंमत वाटली. हिवाळ्यात ओठांना लावतो तेच. रोटर अलगद उचलून कप्प्यात उतरवताना आम्ही दोघेही श्वास रोखून धरत असू. सगळे थर रचून बोल्ट आवळले. शाफ्टला मागे-पुढे किती मोकळीक आहे ते डायल गेजवर पाहिले. ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर असायला हवी. आमची ०.०५ भरली. इंजिन स्टँडवरच स्टार्टरने फिरवून दाब तपासला. एका रोटरला तीन बाजू असल्यामुळे प्लगच्या भोकातून एकामागोमाग तीन फुंकर येतात. तीनही सारख्या आल्या तर इंजिन निरोगी, एक हलकी आली तर लय लंगडते. वृत्ते शिकवणाऱ्या माझ्या कानाला ते लगेच कळले. आमची लय समान होती. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री वहिनींनी श्रीखंड केले.

जेवण झाल्यावर मी एकटीच हँगरवर गेले. घरापासून चालत पाच मिनिटांवर होते ते. बाकावरची फडकी धुवायला न्यायची होती. शेवटचे फडके झटकले आणि सिमेंटवर काहीतरी ‘टिक्’ वाजले. वाकून पाहिले तर कोपऱ्याच्या सीलची स्प्रिंग.

मी ती तळहातावर घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. ती जुनी असेल, हे उघड होते. जुने सामान आम्ही धुऊन मापले होते, तेव्हा एखादी फडक्यात राहिली असेल. जुन्या स्प्रिंगा मोजून पाहाव्यात तर ते सगळे भंगार बुधवारी कचऱ्याच्या गाडीत गेले होते. नवीही असू शकेल. पण मग आत एक कमी असती तर दाबाच्या चाचणीत कळले नसते का? तिन्ही फुंकर तर सारख्या होत्या. शिवाय माझे परतीचे विमान नऊ दिवसांवर होते. आता इंजिन पुन्हा खोलायचे तर रबराचा संच नवा मागवायला हवा, कारण एकदा दाबले गेलेले रबर दादा पुन्हा वापरत नसे. पैसे, वेळ, त्याचे दुखरे खांदे. आणि त्याचा तो जेवतानाचा चेहरा. मी स्वतःला पटवत गेले. युक्तिवाद करणे हा तर माझा व्यवसाय. एकेक मुद्दा असा चपखल बसत होता की एखाद्या शोधनिबंधात कोणी खोट काढली नसती. स्प्रिंग मी कुर्त्याच्या खिशात टाकली, घरी गेले आणि झोपले. म्हणजे पडून राहिले.

सकाळी चहाच्या वेळी मी ती टेबलावर ठेवली.

दादाने चष्मा लावला. स्प्रिंग उलटसुलट पाहिली. उठून कॅलिपर आणले, मापली. नव्यापेक्षा किंचित बसकी, जुन्यांच्या सरासरीपेक्षा उंच. त्यातून काहीच ठरेना.

“कधी सापडली?”

“काल रात्री.”

तो काही बोलला नाही. मला वाटले, रागावेल. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाला, “चल.”

वाटेत मी दाबाच्या चाचणीचा मुद्दा काढलाच. तो म्हणाला, “त्या चाचणीत इंजिन मिनिटाला अडीचशे फेरे फिरतं. वर सहा हजार.” जरा वेळाने, जणू स्वतःशीच, “क्लॅम्प बसलाय असंही मला वाटलंच होतं.”

पुन्हा तो चोपन्नचा नट, पुन्हा पाइपावर लोंबकळणे. संध्याकाळपर्यंत पहिला रोटर बाहेर आला. सहा कोपरे, सहा स्प्रिंगा. दुसऱ्या दिवशी दुसरा. त्याच्या पाच कोपऱ्यांत स्प्रिंगा दिसल्या. सहाव्या कोपऱ्यातले सील व्हॅसलिनने चिकटून बसले होते, ते दादाने चिमट्याने हळूच वर काढले. खाली स्प्रिंग होती. बाराच्या बारा जागच्या जागी. म्हणजे माझ्या खिशातली जुनीच होती. काहीही चुकलेले नव्हते.

मला रडू आले. दमल्यामुळे असेल, किंवा एवढे सगळे फुकट गेले म्हणून. दादा मात्र खुशीत होता. वहीवर नवी तारीख घालायला सांगून तो म्हणाला, “परवा वाटत होतं. आता माहीत आहे.”

एवढेच. काकांचा मुलगा, भाषण करत नाही. पण माझ्या मनात ते वाक्य घर करून राहिले. ‘मला वाटते’ हे आम्हा समीक्षकांचे आवडते क्रियापद. त्याच्या आडोशाला आम्ही किती गोष्टी न तपासता पुढे सारतो! चूक निघालीच तर पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र. इंजिन बांधणारा स्वतः त्यात बसणार असतो, आणि शेजारी आणखी कोणाला तरी बसवणार असतो. आदल्या रात्री माझे मुद्दे खरे ठरण्याजोगे होते, आणि पुढे खरे ठरलेही. तरीही मी चुकले होते, कारण आसनात दादा बसणार होता आणि त्याच्या वतीने निर्णय मी घेऊन टाकला होता, एका रात्रीपुरता का होईना.

रबराचा संच चौथ्या दिवशी आला. सातव्या दिवशी इंजिन विमानावर चढले आणि सुरू झाले. आधी व्हॅसलिन आणि तेलाचा निळा धूर, मग तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सलग घूं आवाज. या इंजिनात सील्सना वंगण मिळावे म्हणून दादा पेट्रोलमध्येच गॅलनमागे साधारण एक औंस टू-स्ट्रोकचे तेल मिसळतो. त्या वासाने मला आमच्या जुन्या लूनाची आठवण झाली. पहिली उड्डाणे त्याने एकट्याने, धावपट्टीच्या डोक्यावरच गोल घिरट्या घालत केली. इंजिन थांबले तरी उतरता यावे म्हणून.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने विचारले, “येतेस?” बंधन नव्हते. आसनासमोर एक पट्टी लावलेली असते, कायद्यानेच. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम ते पाळत नाही, अशा अर्थाचा इशारा प्रवाशासाठी लिहिलेला असतो. मी तो दोनदा वाचला. मग बसले. वीस मिनिटे आम्ही पिवळ्या माळावरून उडालो. खाली एक ओढा, गुरे, पाण्याची टाकी. मी बहुतेक वेळ तापमानाच्या काट्याकडेच पाहत होते. दादा बाहेर पाहत होता.

परत आले तेव्हा टेबलावर परीक्षणासाठी आलेला एक प्रबंध होता. जाण्यापूर्वीच मी अनुकूल अहवाल लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. त्यातल्या दोन अवतरणांविषयी मला तेव्हाच शंका आली होती, पण विद्यार्थिनी हुशार, मार्गदर्शक नावाजलेले, म्हणून पुढे गेले होते. मी ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तके काढली. एक अवतरण बिनचूक होते. दुसऱ्याचा पृष्ठक्रमांक तेवढा चुकला होता. त्यात दोन दिवस गेले. मग सही केली.

रोटरी इंजिनाचे दिवस सरले असे मधल्या काळात लोक म्हणत होते. २०१२मध्ये ‘आरएक्स-८’ मोटार बंद झाली तेव्हा तसे वाटणे स्वाभाविकही होते. २०२३मध्ये माझदाने विजेच्या मोटारीत बॅटरी भरणारे एक रोटरचे इंजिन आणले, तेव्हा दादाने मला त्याचे चित्र आनंदाने पाठवले. त्याच्या इंजिनाचे सुटे भाग मात्र वर्षागणिक दुर्मीळ होत चालले आहेत आणि त्याचे खांदेही बरे नसतात. अजून किती वर्षे, हे तोही सांगत नाही आणि मीही विचारत नाही. दर बारा महिन्यांनी तपासणी झाली की तो मला फोनवर सहा आकडे पाठवतो. दोन रोटर, तीन-तीन बाजू. खाली-वर एक शब्द नसतो. मी ते जुन्या वहीत तारीख घालून उतरवून ठेवते. यंदाचे सहाही जवळजवळ सारखे आहेत.